आकडी, कळ आणि रोजची गोळी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मेंदूच्या झटक्यांना एकच नाव नाही. तापात लहान मुलाचे डोळे फिरले, हातपाय ताठले की ‘आकडी आली’ म्हणतात. मोठ्या माणसाला तेच झाले की ‘फेफरे’ किंवा ‘मिरगी’, आणि अलीकडे सरसकट ‘फिट’. वैद्यांचा आणि पुस्तकांचा शब्द ‘अपस्मार’. नसांच्या दुखण्याची बोली याहूनही बारीक आहे. गालात वीज चमकावी तशी कळ येते, तळपायाची आग होते, बोटांना मुंग्या येतात, कमरेपासून घोट्यापर्यंत शीर ओढते. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशाने यासाठी ‘तंत्रिका’ हा शब्द धरला. छापील मजकुरात ‘मज्जातंतू’ आणि घरात ‘शीर’ किंवा ‘नस’ हेच शब्द टिकले.

झटका आणि कळ ही दुखणी लोकांनी कधी एका माळेत ओवली नाहीत. दोन्हींच्या मुळाशी मात्र बिघाड सारखाच असतो. तंत्रिकापेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालतात. हे संदेश कारण नसताना, एकदम आणि फार प्रमाणात सुटू लागले की मेंदूत त्याचा झटका होतो आणि नसेत त्याची कळ. म्हणून दोन्हींची औषधे बऱ्याच अंशी एकच आहेत. ती दुखणे मुळातून काढत नाहीत, पेशींचा हा उद्रेक आवरून धरतात. घेत राहिले तोवर त्यांचा गुण, आणि घेण्यात चूक झाली तर अपायही त्यांचाच. ही औषधे कृष्णाकाठी कशी आली हे सांगताना ती कशी घ्यावीत हे माणसे कशी शिकली, तेही सांगावे लागते.

चरकसंहितेत अपस्मारावर निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत. अपस्मार म्हणजे स्मृती सुटणे, आणि दोषांनुसार त्याचे चार प्रकार. उपचारांत पंचगव्य घृत, ब्राह्मी, वेखंड, शंखपुष्पी, नाकात घालायचे नस्य आणि डोळ्यांत घालायचे अंजन येते. पण त्या अध्यायातले सर्वांत टिकाऊ वचन औषधाचे नाहीच. अशा रोग्याला पाणी, आग, झाड आणि डोंगरकडा यांपासून सदैव जपावे, कारण यांतून तत्काळ जीव जातो, असे चरक सांगतो. विहिरीच्या काठावर, चुलीपुढे, कृष्णेच्या डोहात किंवा उसाच्या चरकापाशी झटका आला तर काय होते हे या दोन जिल्ह्यांना सांगावे लागत नाही. रोगापेक्षा रोगाच्या जागेने माणूस मरतो, हे इतक्या जुन्या ग्रंथात इतके स्वच्छ लिहिलेले आहे.

नसांच्या दुखण्यालाही जुनी नावे होती. सुश्रुताने अकरा शिरोरोग सांगितले. त्यांतल्या अनंतवातात मान, डोळा, भुवई आणि कानशील यांत तीव्र वेदना व गालाचे स्फुरण असते, आणि आजचे अभ्यासक त्याची तुलना चेहऱ्याच्या तंत्रिकाशूळाशी करतात. कमरेतून पायात उतरणारी कळ ती गृध्रसी. आता तिला सगळे सायटिका म्हणतात.

घराघरांतले उपाय वेगळे होते. झटका आला की कांदा फोडून किंवा चप्पल नाकाशी धरायची, मुठीत किल्ल्यांचा जुडगा द्यायचा, दातांत चमचा घालायचा. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, त्यामुळे शेवटी जे केले त्याला यश मिळे. चपलेची कीर्ती अशीच टिकली. दातांत घातलेल्या चमच्याने मात्र दात तुटले, जबडे दुखावले, श्वास अडकला. वारंवार झटके येऊ लागले की ‘बाहेरचे’ आहे असे ठरे. मग वाईजवळच्या मांढरदेवीची काळूबाई, कृष्णाकाठचे औदुंबर, मिरजेचा मीरासाहेबांचा दर्गा अशा ठिकाणी रोग्याला नेले जाई. देवाच्या दारी मनाला मिळणारा धीर खरा होता, त्याबद्दल तक्रार नाही. भगताच्या हाती जे होई ते अमानुष होते: मिरचीची धुरी, मार, बांधून ठेवणे, लालबुंद लोखंडाचे डाग. नागिणीच्या पुरळाला काव लावत आणि मंत्र घालत. पुरळ दोन-तीन आठवड्यांत आपले आपण बरे होई, म्हणून मंत्रही खरा ठरे. पुरळ गेल्यावर महिनोन्‌महिने उरणारी आग मात्र रोग्याने एकट्याने सोसायची.

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि कंपनी सरकारची व्यवस्था जिल्ह्यात उतरली. पुढच्या काही दशकांत शहरात इस्पितळ आणि मोठ्या गावांत सरकारी दवाखाने झाले. त्याच सुमारास लंडनमध्ये अपस्मारावरचे पहिले गुणकारी औषध सापडले. ११ मे १८५७ रोजी वैद्यकसभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडने झटके थांबल्याचे सांगितले. झटक्यांचा स्त्रियांच्या पाळीशी आणि ‘हिस्टेरिया’शी संबंध असतो अशी कल्पना त्यांच्या मनात होती, आणि ती चुकीची होती. औषध मात्र लागू पडले. साम्राज्यातले सरकारी दवाखाने ब्रिटिश औषधकोशावर चालत, त्यामुळे ब्रोमाइडचे मिक्श्चर तिथल्या फळीवर येणे ओघानेच आले.

मिक्श्चरची बाटली रोग्याने घरून आणायची. कंपाउंडर ती भरी आणि बाहेरून कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवी; पट्टीचा एक खाचा म्हणजे एक मात्रा. लिहितावाचता न येणाऱ्या माणसाला औषध मोजून घ्यायला लावणारी ती कागदी पट्टी ही औषध-सुरक्षेची या भागातली पहिली खूण म्हणायला हरकत नाही. तिला एक गोष्ट सांगता येत नव्हती. ब्रोमाइड शरीराबाहेर फार हळू पडते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे बारा दिवस लागतात. रोज ठरलेला खाचा घेतला तरी ते अंगात साठत जाई. तोंडावर फोड, अखंड गुंगी, विसराळूपणा, कधी भ्रम दिसू लागे, आणि झटक्यांनी नव्हे तर औषधाने माणूस मंदावला आहे हे कळायला जगभरच्या वैद्यकाला बरीच वर्षे लागली. औषध साचते, हा पहिला धडा असा रोग्यांच्या अंगावर शिकला गेला. ज्यांचे झटके आवरत नसत आणि घरी सांभाळणे अशक्य होई, त्यांच्यातल्या काहींची वाट त्या काळी वेड्यांच्या इस्पितळाकडे जाई. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांना १८८६ चे रत्नागिरीचे इस्पितळ जवळ होते.

मिरजेचे वळण १८८९ मध्ये आले. कॅनडात जन्मलेले विल्यम जेम्स वॉन्लेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून त्या वर्षी भारतात उतरले. त्यांनी आधी सांगलीत दवाखाना चालवला, मग ते मिरजेला गेले. १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उघडले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. मिरज रेल्वेचे जंक्शन झाल्याने कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, सातारा अशा चारी बाजूंनी रोगी येत. वॉन्लेस यांची ख्याती पोटाच्या आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी होती, झटक्यांसाठी नव्हे. तरी या शाळेने केलेले काम आपल्या विषयाला लागू आहे. गावोगावी जाऊन औषध देणारी, रोग्याची नोंद ठेवणारी, ‘पुन्हा या’ म्हणणारी माणसे तिने घडवली. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय झाले आणि १९२० मध्ये जवळच क्षयरोग्यांचे आरोग्यधाम. त्या वस्तीला पुढे वॉन्लेसवाडी नाव पडले. या दोन्ही रोगांचा नसांशी असलेला संबंध खाली येईल.

१९१२ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने झोपेसाठी नव्याने निघालेले फेनोबार्बिटोन अपस्माराच्या रोग्यांना दिले. रात्री ते शांत झोपावेत एवढाच हेतू होता. झोप तर लागलीच, पण दिवसाचे झटकेही कमी झाले. बायरने ते ‘ल्युमिनल’ म्हणून विकले. भारतात ते ‘गार्डिनल’ या नावाने रुळले. औषध स्वस्त होते, दिवसातून एकदा रात्री घेतले तरी पुरे. गावात दिवसातून तीनदा आठवणीने गोळी देणारे कोण असते? एक वेळची गोळी चुकत नाही, आणि न चुकणारी साधी गोळी चुकणाऱ्या भारी गोळीपेक्षा बरी, हे ग्रामीण वैद्यकाचे शहाणपण गार्डिनलवर उभे राहिले. तिचा धोका दुसऱ्या टोकाला होता. महिनोन्‌महिने गोळी घेऊन झटके थांबले की ‘आता बरे वाटतेय’ म्हणून ती एकदम सोडली जाई. तिच्या आधाराने आवरलेला मेंदू मग उसळतो. एकामागून एक झटके येतात, मधल्या वेळात शुद्ध येत नाही, आणि त्यात मृत्यूही येतो. गोळी कमी करायची ती डॉक्टरच्या हिशेबाने, आठवड्या-महिन्यांच्या टप्प्यांनी, हा नियम इथून पक्का झाला.

१९३८ मध्ये बॉस्टनला ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांवर विजेचे प्रयोग करून फेनिटॉइनचा गुण सिद्ध केला. हे गुंगी न आणता झटके रोखणारे औषध होते. ‘डिलँटिन’ आणि ‘एप्टॉइन’ ही त्याची नावे या भागातल्या जुन्या चिठ्ठ्यांवर हमखास दिसत. त्याने हिरड्या सुजतात, म्हणून दात घासण्याचा सल्ला औषधाबरोबरच द्यावा लागतो. त्याहून नाजूक त्याचे गणित आहे. एका मर्यादेपर्यंत यकृत ते पचवते. ती ओलांडली की मात्रा थोडीशी वाढली तरी रक्तातले प्रमाण एकदम चढते. माणूस झोकांड्या खातो, दोन-दोन दिसतात, दारू प्यायल्यासारखा बोलतो. क्षयाचे आयसोनियाझिड १९५२ नंतर सर्वत्र पोचले. ते यकृतात फेनिटॉइनची वाट अडवते आणि त्याचे प्रमाण चढवते. रिफॅम्पिसिन उलट ते उतरवते. आयसोनियाझिड स्वतःही नसांना इजा करते, म्हणून त्याच्यासोबत पायरिडॉक्सिन हे जीवनसत्त्व देतात. वॉन्लेसवाडीसारख्या आरोग्यधामांच्या परिसरात हे प्रश्न एकाच रोग्यात भेटणे स्वाभाविक होते. कुष्ठरोगात तर मज्जातंतूच मुख्य बळी असतो, आणि बधिरपणाबरोबर तीव्र कळाही येतात.

दरम्यान राज्यव्यवस्थाही बदलली. संस्थाने विलीन होऊन १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. साताऱ्याच्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाच्या नावातच आर्य आणि आंग्ल अशा दोन वैद्यकांचा मेळ होता, आणि तिथून बाहेर पडणारे वैद्य तालुक्यांत दोन्ही प्रकारची औषधे ओळखत होते. १९६२ मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

त्याच १९६२ साली स्वीडनचे सिग्फ्रिड ब्लोम यांनी लिहिले, की कार्बामाझेपिन हे औषध चेहऱ्याच्या तंत्रिकाशूळावर चालते. ही घटना साधी नाही. हा शूळ भयंकर असतो. दात घासताना, घास चावताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी गालात विजेसारखी कळ उठते आणि क्षणात जाते, पुन्हा येते. अनेकांनी निरोगी दाढा उपटून घेतल्या, तरी कळ गेली नाही. फ्रेंच वैद्य त्रूसो यांनी १८५३ मध्येच त्याला ‘अपस्मारसदृश शूळ’ म्हटले होते. एकदम येणे आणि एकदम जाणे त्यांना झटक्यासारखे वाटले होते. १९४२ मध्ये फ्रान्समध्ये बर्गुइन्यां यांनी त्यावर फेनिटॉइन वापरून पाहिले, आणि ते बऱ्यापैकी लागू पडले. बासेलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी १९५३ मध्ये बनवलेल्या कार्बामाझेपिनने शंका उरू दिली नाही. झटका आणि कळ भावंडे आहेत हे शंभर वर्षांपूर्वीचे अनुमान एका गोळीने खरे ठरवले. भारतात ती ‘टेग्रीटॉल’, ‘मॅझेटॉल’ अशा नावांनी आली, आणि दंतवैद्याकडून दाढ काढायला निघालेला रोगी परत फिरवण्याची सोय झाली.

कार्बामाझेपिनची मात्रा थोडी ठेवून हळूहळू वाढवावी लागते. सुरुवातीला चक्कर आणि मळमळ येते. खरी सावधगिरी पहिल्या दोन महिन्यांत लागते. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, ताप यांपैकी काही दिसले की गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ही त्वचा सोलून काढणारी जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते, आणि आशियातल्या काही समूहांत जनुकीय कारणाने तिचा धोका अधिक असतो. एकदम गोळी सोडू नये, या नियमाला हा अपवाद आहे, आणि तो रोग्याला आधीच सांगितला पाहिजे.

साठच्या दशकाच्या अखेरीचा एक प्रसंग ब्रिस्बेनचा आहे, पण त्याचा धडा मेडिकल दुकानाच्या प्रत्येक काउंटरवर लागू होतो. १९६८-६९ मध्ये ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सुलांतले भरणाचे द्रव्य बदलले गेले. कॅल्शियम सल्फेटऐवजी दुग्धशर्करा. औषध तेच, मात्रा तीच. तरी अनेक रोगी झोकांड्या खाऊ लागले, कारण नव्या कॅप्सुलेतून औषध अधिक शोषले जात होते. म्हणून ‘हीच कंपनी आणा’ ही डॉक्टरची सूचना हट्ट किंवा कमिशन समजून टाळू नये. स्वस्त पर्यायी गोळी वापरता येते, पण बदल डॉक्टरला सांगून, आणि शक्यतो पुन्हा पुन्हा नाही.

फ्रान्समध्ये १९६७ मध्ये बाजारात आलेल्या व्हॅल्प्रोएटने अनेकांचे झटके थांबवले. गर्भावर त्याचा परिणाम मात्र गंभीर आहे. पाठीच्या कण्याचे व्यंग आणि पुढे बुद्धीची वाढ खुंटणे यांचा धोका आहे, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते शक्यतो दिले जात नाही. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन गर्भनिरोधक गोळ्यांचा गुण उतरवतात. या साऱ्याचा विचार व्हायचा तर मुलीला फिट येते हे बोलले गेले पाहिजे, आणि तिथेच सर्वांत मोठी अडचण होती. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या बरोबरीने ‘अपस्माराचे वारंवार झटके’ हा विवाहाला बाध आणणारा दोष म्हणून घातला. स्थळ पाहताना आजार लपवला जाई, सासरी गोळ्या लपवल्या जात, आणि लपवलेली गोळी चुकते. चुकलेल्या गोळीने आलेला झटका मग ‘फसवणुकीचा’ पुरावा ठरे. १९९९ मध्ये संसदेने ‘अपस्मार’ हा शब्द कायद्यातून काढून टाकला. कायद्यातला एक शब्द गेल्याने औषधाची सुरक्षा वाढते, याचे हे अस्सल उदाहरण आहे. लोकांच्या मनातून तो शब्द जाण्याचे काम अजून संपलेले नाही.

ते काम साताऱ्यातून ज्यांनी नेटाने केले त्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे नाव पहिले. १९४५ मध्ये साताऱ्यात जन्मलेल्या दाभोलकरांनी मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले, साताऱ्यात दवाखाना चालवला, आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने बांधणे, मारणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. फेफऱ्याच्या रोग्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या गोष्टींची ती जणू यादीच आहे.

औषधांचा पुढचा टप्पा गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन यांचा. अमेरिकेत गॅबापेंटिनला झटक्यांसाठी १९९३ मध्ये आणि नागिणीनंतरच्या वेदनेसाठी २००२ मध्ये मान्यता मिळाली. प्रिगॅबालिन २००४ मध्ये आले. झटक्यांपेक्षा त्यांचा वापर कळेसाठीच अधिक झाला. मधुमेहाने तळपायाची आग होणारा मनुष्य आता तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात दिसतो, आणि त्याच्या चिठ्ठीवर प्रिगॅबालिन व मेथिलकोबालामिनची एकत्र कॅप्सूल असते. ती रात्री घेतात, कारण गुंगी येते; म्हाताऱ्या माणसाने रात्री उठताना भिंतीचा आधार घ्यावा. ही औषधे मूत्रपिंडावाटे जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडतात. मधुमेहाने मूत्रपिंड थकले असेल तर नेहमीची मात्रा विषासारखी साठते. ब्रोमाइडचा जुना धडा इथे नव्याने परततो. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा अफूवर्गातली वेदनाशामके यांच्या जोडीने घेतल्यास श्वास मंदावतो. बरे वाटले म्हणून एकदम बंद केल्यास घाम, अनिद्रा, बेचैनी होते. पूर्वी झटके नसलेल्यालाही क्वचित झटका येतो. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या पाकिटातली गोळी मागून घेणे या औषधांबाबत विशेष धोक्याचे आहे. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फिटच्या पुड्यांत गार्डिनलसारखी औषधे मिसळल्याचे देशात उघडकीस आले आहे. त्या घेणाऱ्याला आपण काय घेतो हेच माहीत नसते, आणि पुडी संपली की झटके येतात.

१९८४ मध्ये कराडजवळ कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पुढे साताऱ्यालाही शासकीय महाविद्यालय आले. त्यामुळे मेंदूच्या आलेखासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज कमी झाली. नीट निदान होऊन औषध मिळाले तर अपस्माराच्या १०० पैकी सुमारे ७० जणांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झटका येत असताना आता शिकवतात ते असे: रोग्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, पाच मिनिटांवर गेला तर दवाखाना. वाहन परवान्याच्या अर्जातही अपस्माराचा प्रश्न असतो, आणि त्याचे खरे उत्तर रोग्याइतकेच रस्त्यावरच्या इतरांना वाचवते.

रोजच्या गोळीची कसोटी पाहणारे दोन प्रसंग या भागाचे स्वतःचे आहेत. एक उसाचा हंगाम. मराठवाड्यातून आलेली टोळी महिनोन्‌महिने फडात असते आणि गावच्या दवाखान्याची चिठ्ठी गावी राहते. दुसरा कृष्णेचा पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. घरे कित्येक दिवस पाण्यात होती आणि अशा वेळी औषधांची पिशवी सहज मागे राहते. नदीकाठच्या घरात पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, हाताशी येईल अशी ठेवावी लागते. एक वेळ चुकली तर आठवताच ती घ्यायची. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. चिठ्ठी हरवलीच, तर गोळीचे रिकामे पाकीट जपून ठेवलेले असावे. त्यावरचे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा दाखवला की छावणीतल्या परक्या डॉक्टरलाही तेच औषध, त्याच मात्रेत, त्याच रात्री सुरू करता येते.